सुनेसाठी पाहिलेले मास्तर

माझ्या सासऱ्यांनी माझ्यासाठी तीन मास्तर पाहिले. स्वतःच्या मुलीसाठी नवरा पाहताना ते एवढे हिंडले नव्हते. नणंदेचं लग्न त्यांनी किन्हीराजाच्या बाजारात एका बैठकीत ठरवून टाकलं. मास्तर मात्र बैल घ्यावा तसे पारखून पारखून आणले. हे मी अभिमानानं सांगते आहे. कोणाला मिरवणं वाटलं तर वाटू दे, माझं वय आता मिरवायचंच आहे.

साल पन्नासच्या पुढचं. मी एकोणीस वर्षांची, लग्नाला चार वर्षं झालेली. आमचं गाव वाशीमजवळच्या मालेगावपासून बैलगाडीनं दोन तासांवर. गावात मुलांची शाळा होती, पण तिथे मुली कोणी पाठवत नसे, कारण शिकवणारा पुरुष. एके दिवशी बोर्डाचे साहेब आले आणि चावडीत म्हणाले, गावात राहणारी सातवी पास बाई मिळाली तर मुलींचा वर्ग देतो. बाहेरची बाई तर आमच्या गावात टिकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले आणि माझे सासरे उठून उभे राहिले. म्हणाले, "माही सून चौथी झाली हाय. सातवी आमी करून देतो." साहेबांनी एक वर्ष दिलं.

मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी उडीच मारली असती. चौथीनंतर वडिलांनी माझं दप्तर काढून घेतलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. त्या काळी सातवीची परीक्षा मोठी, तिला 'फायनल' म्हणत. ती पास झालेल्याला मास्तरकी मिळे. बाहेरून बसायची सोय होती. लेखी पेपर वाशीमला आणि शेवटच्या दिवशी तोंडी. तोंडीत साहेबांसमोर पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचं. तोंडीत नापास म्हणजे सगळ्यातच नापास. मी नापास झाले असते तर वर्ग जाणार होता, आणि सासऱ्यांची मान चावडीत खाली जाणार होती. ते त्यांना चाललं नसतं. मलाही नाही.

पहिले मास्तर गावच्या शाळेतलेच. रोज सकाळी ओसरीवर येऊन बसत. मी दाराच्या आत, डोक्यावर पदर, पुढ्यात पुस्तक. सासरे खांबाला टेकून, कारण परपुरुष घरात आला की घरचं माणूस हजर पाहिजे. गणित मी झरझर करत असे. पाटी दारातून सरकवली की मास्तर म्हणत, बरोबर. मग वाचन. पहिल्या दोन ओळी चांगल्या गेल्या आणि तिसऱ्या ओळीला माझं तोंड बंद झालं.

"पुढं वाचा," मास्तर म्हणाले.

मी एक शब्द सोडला आणि पुढचं वाचलं. ते म्हणाले, "कोण गेलं वनात? नाव कुठाय?" मी गप्प. ते म्हणाले, "जोडाक्षर येत नाही वाटतं." मी गप्पच. जोडाक्षर येत नाही म्हणे. चौथीत माझ्याइतकं खडखडीत वाचणारं एक मूल नव्हतं माझ्या माहेरच्या शाळेत. पण सांगू काय आणि कोणासमोर?

आता मी ते सांगून टाकते. माझ्या सासऱ्यांचं नाव देवाचं होतं. ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचंही देवाचं आणि थोरल्या दिरांचंही. आमच्याकडे सुनेनं यातलं एकही नाव तोंडातून काढायचं नाही. नुसतं माणसाला हाक मारायची नाही असं नव्हे. ते नाव दुसऱ्या कशाचं असलं तरी घ्यायचं नाही. आमच्या शेजारणीच्या नवऱ्याचं नाव सोन्यावरून होतं, ती सोन्याला जन्मभर 'पिवळं' म्हणाली. नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य कमी होतं, असं आम्हाला पदर घ्यायला शिकवतात त्याच दिवशी शिकवलेलं. आणि सातवीचं पुस्तक उघडावं तर पानापानावर देव. माझं अख्खं सासर त्या पुस्तकात राहायला गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, मास्तरांच्या घरी बायको नव्हती का, त्यांना कसं कळलं नाही? बायको होती. पण त्यांच्या बायकोनं कधी त्यांच्यासमोर पुस्तक वाचलं नव्हतं. गावात मोठ्यानं पुस्तक वाचणारी सून मी पहिली, त्यामुळे ही अडचणही पहिलीच. सासऱ्यांना सहीपुरती अक्षरं येत होती. मी कोणत्या शब्दावर थांबते हे त्यांना दिसत नव्हतं, फक्त थांबते एवढं दिसे. आणि मी बोलावं तर कसं? "मामाजी, तुमचं नाव आडवं येतं," असं म्हणायचीसुद्धा लाज. सून म्हणून आलेल्या पोरीनं एवढं तोंड उघडलं असतं तर आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला माहेरीच धाडलं असतं.

दोन महिन्यांनी मास्तर सासऱ्यांना म्हणाले, "हिशोबात हुशार आहे, पण वाचनात डोकं चालत नाही." सासरे म्हणाले, "मंग तुमचं शिकवनं चालत नसन." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं येणं बंद केलं.

दुसरा मास्तर मालेगावचा. मॅट्रिक झालेला, तरुण, सायकलवर येणारा. सासऱ्यांनी तो निवडला कारण तो जास्त शिकलेला. त्यांचा विचार सरळ होता: पोरीला वाचता येत नाही, तर जास्त विद्या असलेला माणूस आणायचा. या मॅट्रिकनं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की माझे डोळे अधू आहेत, काही अक्षरं मला दिसतच नाहीत. झालं. सासरे मला वाशीमला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं अक्षरांचा तक्ता दाखवला, मी वरून खाली सगळा वाचला. तक्त्यावर देव नव्हते ना. डॉक्टर म्हणाला, "हिचे डोळे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत." परत येताना मी मोटारीच्या खिडकीबाहेर पाहत सगळी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वावरं मोजली.

मॅट्रिक मग मोठ्यानं ओरडून शिकवू लागला. मी बहिरी आहे असं त्याला कोणी सांगितलं होतं देव जाणे. तो वाचे, मी त्याच्यामागून म्हणे, आणि तो शब्द आला की मी थांबे. शेवटी सायकलवर टांग टाकताना तो म्हणाला, "दादा, यांना शिवणकाम शिकवा. सगळ्यांनाच विद्या येत नसते." मला वाटलं, उठावं आणि त्याच्या दोन्ही चाकांतली हवा सोडून द्यावी. पायी जाऊ दे मालेगावपर्यंत. पण सून होते, पदर चावत बसले.

त्या दिवशी सासरे पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलले. दारात उभे राहून, माझ्याकडे पाठ करून. "पोरी, तुले शिकायचं नसन तर सांग. मी चावडीत जाऊन सांगतो का नाई जमलं."

"मले शिकायचं हाय, मामाजी."

"मंग काहून थांबून राह्यली?"

मी रडले. दुसरं काय करणार होते? उत्तर त्यांच्या समोर होतं, त्यांना ते दिसत नव्हतं, आणि मला ते बोलता येत नव्हतं. परीक्षेला तीन महिने उरले होते.

तिसरा मास्तर मास्तर नव्हताच. तो पोस्टमन होता, पेन्शनीत निघालेला. उभी हयात या खेड्यांतून डाक घेऊन पायी फिरलेला माणूस. शिक्षण सातवी. सासरे बाजारात कोणाजवळ तरी माझं रडगाणं सांगत होते, ते यानं ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, मले एक दिवस पोरीजवळ बसू द्या." सासऱ्यांना पटलं नव्हतं. मॅट्रिकनं हात टेकले तिथे पोस्टमन काय करणार? पण त्या दिवसांत तूर काढणीला आली होती, दुसरा कोणी शोधायला वेळ नव्हता, म्हणून आणला.

त्यानं आल्या आल्या पहिली गोष्ट काय केली असेल? सासऱ्यांना वावरात पाठवलं. म्हणाला, "भाऊ, तुमी तुरीकडं जा. आत्याबाई हायेत ना घरात, पुरे." मग मला म्हणाला, "बाई, वाचू नको. मूठभर तूर आन." मला वाटलं आता हाही गेला. तूर आणली. तो म्हणाला, "पान उघड. ज्या शब्दावर तुयं तोंड उघडत नाही, त्याच्यावर एक एक दाना ठेव."

मी ठेवत गेले. एका पानावर सात दाणे झाले. त्यानं चष्मा नाकावर खाली घेतला, पुस्तक आपल्याकडे फिरवलं आणि बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हे सासऱ्याचं?" मी मान हलवली. "हे घरधन्याचं?" पुन्हा मान. "अन् हे?" मी हळूच म्हटलं, "भासऱ्याचं." थोरल्या दिराला आम्ही भासरे म्हणतो.

तो हसला नाही, यासाठी मी त्याला आजही मानते. म्हणाला, "मी जनमभर सुनाईचे पत्रं लिहिले. कोनाचा नवरा पलटनीत, कोनाचा अकोल्याच्या गिरणीत. पत्र सांगत भडाभडा. अन् वरती पत्ता लिवायची येळ आली का चूप. मंग मीच इचारू, देवाचं नाव हाय? फुलाचं हाय? वाराचं हाय? त्या मान हालवत, अन् मी लिवू. तुये दोन्ही मास्तर शिकेल होते, पन त्याईनं कधी सुनेचं पत्र नाही लिवलं."

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. चार महिने मी स्वतःच स्वतःला मठ्ठ समजायला लागले होते. एक माणूस असा निघाला की ज्यानं मला काय येत नाही हे न विचारता मी कुठे अडते ते विचारलं. पुढे मी स्वतः शिकवू लागले तेव्हा अडलेल्या पोरीपुढे आधी मूठभर तूर ठेवायचे. माझ्याकडे दुसरी कोणती पद्धत नव्हती, आणि लागलीही नाही.

पण तेव्हा प्रश्न तसाच होता. लिहायला मला अडचण नव्हती, कागदावर नाव लिहिलं तर तोंड विटाळत नव्हतं. तोंडीचं काय? पोस्टमन म्हणाला, "आता भाऊले सांगा लागते." मी हात जोडले, नका सांगू. तो म्हणाला, "नाही सांगतलं तर तुयी सातवी गेली."

संध्याकाळी सासरे वावरातून आले, पाय धुतले, आणि पोस्टमननं ओसरीवर बसून सगळं सांगितलं. मी दाराआड. त्याचं सांगून होतं न होतं तेवढ्यात आत्याबाई चुलीपासून उठून बाहेर आल्या. म्हणाल्या, "मले पयल्याच दिवशी मालूम होतं. सून शहानी हाय, नाव घेत नाही, मनून मी चूप होती. आता काय नाव घेऊन मानसाचं आयुष्य तोडता?"

चार महिने. चार महिने ह्या बाईला ठाऊक होतं, आणि मी वाशीमपर्यंत डोळे दाखवून आले. मला राग आला, आणि हसूही आलं.

सासरे दोन दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर घोंगडं टाकून ते दाराशी आले. म्हणाले, "तीन मास्तर पाह्यले मी. अन् अडचन मीच निघालो." मग घोंगडं सावरत, "वाच. माहं वाच, त्याईचं वाच. आयुष्य कमी होईन तर होईन, पाह्यलं जाईन. फकत मी वावरात असताना वाच. मले लाज वाटन."

आत्याबाईंनी भांडी आपटली, पण त्यांच्यापुढे त्या बोलल्या नाहीत. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "बाबाचं चालते तं माहं काय?"

परवानगी मिळाली म्हणून शब्द थोडाच फुटतो? पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पोस्टमननं मग एक युक्ती केली. तो माझ्याबरोबर वाचू लागला, आवाजात आवाज मिळवून, दोघांनी एकदम. तो शब्द आला की त्याचा आवाज मोठा, माझा त्याच्याखाली झाकलेला. कोणी ऐकलं असतं तर त्याचाच वाटला असता. रोज तो आपला आवाज थोडा कमी करी. मला कळूही न देता. असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. एके दिवशी मी वाचता वाचता वर पाहिलं तर तो तोंड मिटून बसला होता आणि ओसरीवर माझा एकटीचा आवाज चालला होता. ते नाव मागच्याच ओळीत गेलं होतं. मी घेतलं होतं. आत्याबाई त्या वेळी रोज गोठ्यात जाऊन बसत. पण त्या दिवशी धडा संपल्यावर त्यांनी गोठ्यातून विचारलं, "मंग पुढं काय झालं त्या पोराचं?"

परीक्षेला सासरे घेऊन गेले. मालेगावपर्यंत बैलगाडी, पुढे वाशीमपर्यंत मोटार. लेखी पेपर चांगले गेले. शेवटच्या दिवशी तोंडी. शाळेच्या एका खोलीत काळी टोपी घातलेले साहेब आणि शेजारी एक नऊवारीतल्या मास्तरीणबाई. सासरे बाहेर खिडकीजवळ लिंबाखाली बसलेले. मला त्यांचा पटका दिसत होता. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे वावरात नाहीत. तीन महिन्यांत त्यांनी माझ्या तोंडून स्वतःचं नाव एकदाही ऐकलेलं नव्हतं, आणि आता ते चार हातांवर होते. जा म्हणून सांगायला मला उठता येत नव्हतं.

साहेबांनी पुस्तक उघडून दिलं. पान पाहिलं. नेमका सासऱ्यांच्या नावाच्या देवाच्या बाळपणाचा धडा. त्यात आई अंगणात उभी राहून पोराला हाक मारते. म्हणजे नाव नुसतं वाचायचं नव्हतं, हाक मारल्यासारखं वाचायचं होतं. मी हळू आवाजात सुरुवात केली. साहेब म्हणाले, "मोठ्यानं. वर्गातल्या मागच्या पोरीला ऐकू आलं पाहिजे."

मागची पोर म्हटल्यावर मला आमच्या गावच्या पोरी दिसल्या. बिनदप्तराच्या. मी श्वास घेतला आणि वाचलं. हाकेची ओळ आली, तीही वाचली, हाकेसारखीच, नावासकट, खणखणीत.

आणि खिडकीबाहेरून आवाज आला, "ओ."

साहेबांनी मान वर केली. "कोण आहे बाहेर?"

"माझे सासरे आहेत," मी म्हटलं. माझा आवाज कापला नाही, हे मी मुद्दाम सांगते.

साहेबांनी पुस्तकाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि पुस्तक मिटलं. म्हणाले, "पुरे." मास्तरीणबाई माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "मी दहा वर्षं शिकवते आहे. ह्यांच्या नावाचा शब्द आला की अजून पोरींना वाचायला लावते." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या शहरातल्या, शिकलेल्या, पगारी. त्या दिवशी मला माझ्याइतकी मोठी बाई साऱ्या वाशीमात दिसली नाही.

निकाल उन्हाळ्यात आला, मी पास झाले. पावसाळ्यानंतर आमच्या गावात मुलींचा वर्ग भरला. पहिल्या दिवशी नऊ पोरी होत्या. ते सगळं पुढचं. मी सांगते आहे ते परतीच्या दिवसाचं.

मालेगावला मोटारीतून उतरलो, बैलगाडी जुंपली आणि निघालो. सासरे पुढे कासरा धरून, मी मागे. ते काही बोलेनात, आणि मला वाटलं, संपलं, त्यांचा अपमान झाला, आता ते जन्मात माझ्याशी बोलणार नाहीत. अर्धा रस्ता असा गेला. मग त्यांनी पुढे पाहतच म्हटलं, "मनाच्या बाहेर ओ गेली तोंडातून."

मी म्हटलं, "मामाजी, माफ करा."

"माफ कायचं?" ते म्हणाले. "मोठे होते ते सारे गेले. लहान हायेत ते बाबा म्हनतात, मामाजी म्हनतात. तुई आत्याबाई तं 'अहो' बी म्हनत नाही. माय गेल्यापासून नावानं कोनी हाकच मारली नाही मले. कोनी मारनार बी नाही असं वाटे." आणि बैलांना चुचकारत म्हणाले, "ते पुस्तक हाय ना तुयाजवळ?"

"हाय."

"वाच मंग. ते माय आंगनात येते, तिथून."

मी पुस्तक काढलं. गाडी हलत होती, अक्षरं नाचत होती. पदर मागे सरकला होता, तो मी तसाच राहू दिला. रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मी हाक मारली, आणि पटका न वळवता त्यांनी ओ दिली.